रॅग्नारॉक: देवांची नियती की देवांची संध्याकाळ?

नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियाच्या, पुराणकथांवर लिहायला घेतलंय. त्यातल्या 'रॅग्नारॉक'ला, म्हणजे देव मरतात आणि जग बुडतं त्या शेवटच्या लढाईला, मराठीत काय म्हणावं? कुठे 'महाप्रलय' वाचलं, कुठे 'देवांची संध्याकाळ'. मूळ शब्दाला जवळचं कोणतं?

— मूळ शब्दच दोन आहेत, घोळ तिथला. 'रॅग्ना' म्हणजे देवांचा. 'रेगिन' या शब्दाचं ते षष्ठीचं रूप. यावर वाद नाही. पुढचा 'रॉक' म्हणजे नियती, जे व्हायचं ते. 'व्होलुस्पा' या काव्यात हाच शब्द आहे. पण 'लोकासेन्ना' या दुसऱ्या काव्यात, आणि स्नोरी स्टुर्लुसनने 1220च्या सुमारास लिहिलेल्या गद्य एड्डा या पुराणकथांच्या ग्रंथात 'रॉक्कर' येतं, म्हणजे काळोख, तिन्हीसांज. जर्मनांनी हे दुसरं उचललं. 1876 साली जर्मन संगीतकार वॅग्नरचा 'गोटरडेमरुंग' (देवांची संध्याकाळ) हा ऑपेरा रंगमंचावर आला आणि संध्याकाळ सगळीकडे रूढ झाली.

— या 'रॉक्कर'चं आपल्याकडे सख्खं नातं आहे बरं का! वैदिक 'रजस्' आणि ग्रीक 'एरेबोस' त्याच कुळातले. नवग्रहपूजेत सूर्याला म्हणतात तो 'आ कृष्णेन रजसा वर्तमानो' मंत्र आठवा; काळोख्या अंतराळातून येणारा सविता. धूळ हा अर्थ तिथे घेऊन चालत नाही.

— व्युत्पत्ती छान, पण 'संध्याकाळ' वाचून कुणाला लांडगा दिसेल का? तीन हिवाळे लागोपाठ, मध्ये उन्हाळाच नाही. मग फेनरिर लांडगा देवांचा राजा ओडिनला गिळतो. गर्जनेचा देव थॉर महासर्पाला मारतो आणि त्याच्या विषाने नऊ पावलांवर कोसळतो. हे सगळं ओडिनला आधीपासून माहीत असतं. वल्हाल्ला या आपल्या महालात मेलेले वीर गोळा करतो ते याच लढाईसाठी, आणि तरी टळत नाही. मी 'देवांची नियती'च म्हणेन.

— मग 'महाप्रलय' का नको?

— प्रलयात सृष्टी लय पावते, विरघळते. इथे समोरासमोर झुंज आहे, कोण कुणाला मारणार तेही ठरलेलं. देवांचा पहारेकरी हेमडॉल आणि देवांवर उलटलेला कपटी लोकी तर एकमेकांनाच संपवतात. गंमत म्हणजे आपली 'जगबुडी' एका जागी तंतोतंत बसते: 'व्होलुस्पा'त जमीन खरोखर समुद्रात बुडते. (खेडची नदी नव्हे!) पण नंतर ती हिरवीगार वर येते, आधीच मेलेला देव बाल्डर परततो, लिफ आणि लिफथ्रासिर ही माणसं रानात लपून वाचतात. त्यामुळे सबंध घटनेला 'जगबुडी' म्हटलं तर निम्मी कथा गळते.

— पटलं. 'रॅग्नारॉक' तसंच ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे 'देवांची नियती' असा अर्थ देते. त्या तीन हिवाळ्यांना 'फिंबुलव्हेट्र' म्हणतात ना? 'महाहिवाळा' चालेल?

— चालेल की. 'फिंबुल' म्हणजे प्रचंड, 'व्हेट्र' म्हणजे हिवाळा. फक्त 'महाशिशिर' करू नका, ऋतुसंहार वाटेल.