टिनाच्या खोलीत राउटर ७१ डिग्री दाखवून राहिला, काय करू?

पांढरकवडा_सेंटर:
नमस्कार मंडळी. पांढरकवड्याजवळच्या खेड्यात माझं दाखले, सातबारा काढून द्यायचं छोटं सेंटर हाय. खोली टिनाची. भिंतीवर लाकडी पेटीत ओएनयू (फायबरची लाइन येते तो डबा), त्यावर फॅन नसलेला छोटा मेटलचा राउटर, त्यावर पाच पोर्टचा स्विच, असे एकावर एक ठेवले हायेत. पेटी यासाठी का उंदरं वायरी कुरतडतात, अन धूळ तर विचारूच नका. सकाळी सगळं मस्त चालते पण दुपारी एक वाजला का नेट जाते, दोन-तीन मिनिटानं आपोआप येते, पुन्हा जाते, बाहेर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पोरं लाइनमध्ये उभे अन मी इकडं पेटी उघडून पुठ्ठ्यानं वारा घालून राहिलो. काल राउटरच्या पेजवर पाहिलं तर टेम्परेचर ७१! माहितीपत्रकात ६० पर्यंत चालते लिहिलं हाय, म्हणजे ११ वर गेला ना? जळन का हा? कूलरसमोर ठेवून देऊ का? नवतपा तर अजून लागाचाच हाय.

वर्ध्याचा_केबलवाला:
भाऊ, तुम्ही दोन वेगळे आकडे एकमेकांतून वजा करून राहिले. पत्रकातले ६० म्हणजे डब्याच्या आजूबाजूच्या हवेचे, पेजवरचे ७१ म्हणजे आतल्या चिपचे किंवा बोर्डाचे. आतलं टेम्परेचर बाहेरच्या हवेपेक्षा २०-२५ नं जास्त राहणारच, फॅन नाही ना त्याला. रास्पबेरी पाय घ्या, ८० ला पोहोचल्यावर तो स्वतःच स्पीड कमी करतो, त्याच्या आत बहुतेक मॉडेलची काही तक्रार नसते. तर ७१ बघून घाबरायचं कारण नाही. फ्रीजमध्ये लावतात तो वायरीचा थर्मामीटर मिळतो बघा, त्याची वायर पेटीत सोडा अन दुपारी दोनला तिथल्या हवेचा आकडा सांगा.
पण ते एकावर एक ठेवणं आधी बंद करा. बिनफॅनच्या डब्याची बॉडीच त्याचा हीटसिंक, म्हणजे गरमी बाहेर टाकणारा भाग असते, खालच्याची गरमी वरचा खातो. बोटभर जागा सोडून भिंतीवर उभे टांगा, डब्याच्या हवेच्या जाळ्या खाली-वर येतील अशा, मग खालून थंड हवा आत अन वरून गरम बाहेर, आपोआप.

चंद्रपूर_४७:
कूलरसमोर ठेवू नका बाप्पा! मी एका गर्मीत ठेवला होता, आमच्याकडं पाणी क्षाराचं, दोन महिन्यात पोर्टाच्या पिना हिरव्या पडल्या. थंडा झाला, पण मेला. पेटीच्या वरच्या बाजूले जुन्या कॉम्प्युटरचा ८० एमएमचा फॅन बाहेर हवा फेकेल असा लावा, १२ व्होल्टचा फॅन ५ व्होल्टच्या यूएसबीवर हळू फिरते पण बहुतेक फिरते, तेवढी हवा पुरते. अन टिनावर चुना मारा नाहीतर तुराट्या पसरवा, वावधानात उडून शेजाऱ्याच्या अंगणात गेल्या तर मले सांगू नका.

वरूड_संत्रा:
सगळे गरमीच्याच मागं लागले. नेट गेलं तेव्हा राउटर हँग होते का रिस्टार्ट होते, हे पाहिलं का कोणी? पेजवर अपटाइम पाहा, म्हणजे राउटर किती वेळापासून सलग चालू हाय ते. सकाळपासूनचा पूर्ण दिसला तर पॉवर चालू होती, मग भानगड लाइनची नाहीतर ओएनयूची. १०-१५ मिनिटाचाच दिसला तर राउटर रिस्टार्ट होऊन राहिला, बहुतेक पॉवर तुटून. आमच्याकडं दुपारी बगीच्याचे पंप अन गावातले कूलर संगच सुरू झाले का व्होल्टेज बसते, त्यात अडाप्टर कमजोर असला का झालं. अडाप्टर कुठं ठेवला तुम्ही? त्याच पेटीत ना?

पांढरकवडा_सेंटर:
वरूडवाले भाऊ, तुम्ही काय ज्योतिषी हाय का? अपटाइम १४ मिनिटं! अन अडाप्टर पेटीतच, राउटरच्या मागं एक्स्टेन्शन बोर्डाले लावलेला, हातात धरवत नव्हता. पेजवर व्होल्टेजबी दाखवते हे मले माहीतच नव्हतं. सकाळी १२.१ होतं, दुपारी कधी १०.४ कधी ९.६, अन मग टपकन रिस्टार्ट. पेटीतली हवा दोन वाजता ५१, खोलीतली ४३.

वरूड_संत्रा:
मग अडाप्टरच. त्याच्यात कपॅसिटर (व्होल्टेज एकसारखं ठेवणारे छोटे पार्ट) राहतात, गरमीनं वाळतात, मोटामोटी दर १० डिग्रीमागं आयुष्य अर्धं होते. राउटर त्या पेटीत आरामात बसला होता, शिजून राहिला होता तो अडाप्टर. दुसरा घ्या, व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपियर तेवढे किंवा जास्त, पिनेचं प्लस-मायनस पाहूनच लावा. अन बोर्ड पेटीच्या बाहेर, खालच्या बाजूले. उंदरासाठी वायरीले पाइप घाला.

पांढरकवडा_सेंटर:
अपडेट. अडाप्टर बदलला, बोर्ड बाहेर काढला, तिन्ही डबे वेगवेगळे टांगले. फॅन अजून नाही लावला. आज चौथा दिवस, व्होल्टेज १२ च्या खाली गेलं नाही, नेट एकदाबी गेलं नाही. अन टेम्परेचर? ६८! म्हणजे तीनच डिग्री कमी, अन मी त्या आकड्यापायी आठ दिवस पुठ्ठा हलवला. पेटीच्या दोन्ही बाजूले भोकं पाडाची हायेत, पण पाल आत जाईन. मच्छरदानीची जाळी लावू का?

वर्ध्याचा_केबलवाला:
जाळी लावा, पण भोकं पेटीच्या वर-खाली पाडा, बाजूला नाही. जिनिंगजवळ असाल तर हंगामात त्या जाळीवर रुईचा थर बसतो, मग पेटी पुन्हा बंदच समजा. पंधरा दिवसांतून एकदा रंगाच्या कोरड्या ब्रशनं झाडत जा.

चंद्रपूर_४७:
अन पालीनं अंडे दिले तर फोटो टाकजा.