मदत हवी आहे : शूबर्टच्या ‘ग्रेटशेन आम श्पिनराडे’चे जुन्या पियानोवरील ध्वनिमुद्रण

‘ग्रेटशेन आम श्पिनराडे’ म्हणजे ‘चरख्यापाशी ग्रेटशेन’ : सूत कातता कातता प्रियकराच्या आठवणीत हरवलेल्या मुलीचे गीत. ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टने 1814 मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकातील शब्दांना दिलेली ही चाल मी गायिका एलिझाबेथ श्वार्ट्सकॉफ आणि पियानोवादक एडविन फिशर यांच्या 1952 च्या ध्वनिमुद्रणात अनेकदा ऐकली आहे. गायन अप्रतिम आहे. परंतु ध्वनिमुद्रण मोनो (स्टीरिओ नव्हे, एकाच वाहिनीचे) असल्यामुळे पियानोतले बारकावे मला पुरेसे उलगडत नाहीत. पियानोवादकाच्या उजव्या हातातल्या सुरांत चरख्याचे चाक अखंड फिरत असते, ‘त्याचे चुंबन’ या शब्दांपाशी ते एकदम थांबते आणि मग अडखळत, दोनदा अडून, पुन्हा गती घेते. माझा सारा जीव त्या काही क्षणांत अडकला आहे.

गायिका एली आमेलिंग आणि पियानोवादक यॉर्ग डेमुस यांनी 1965 मध्ये जुन्या धाटणीच्या पियानोवर मुद्रित केलेली शूबर्टची गीते ऐकल्यापासून तोच हलका, चटकन विरणारा नाद या गीतातही ऐकावा असे फार वाटते. आवाज सोप्रानोचाच (स्त्रीचा उंच पट्टीतला) हवा, स्वरपट्टी मूळची डी मायनर हवी, आणि मला जर्मन येत नसल्यामुळे पुस्तिकेत इंग्रजी भाषांतर असल्यास उत्तम. सीडी किंवा विकत घेऊन उतरवता येणारी फाइल, दोन्ही चालतील. या अटींत बसणारे कोणते स्टीरिओ ध्वनिमुद्रण आपण स्वतः ऐकले आहे, आणि त्यात चरखा पुन्हा सुरू होतानाचे ते अडखळणे स्पष्ट ऐकू येते का?