दलदल समुद्राने गिळली की कालव्यांनी?

खारवाट:
किनाऱ्याची पाणथळ जमीन गेली की 'समुद्र आत आला' म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. अमेरिकेतल्या लुइझियानात १९३२ ते २०१६ या काळात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर किनारी जमीन गेली. तेलविहिरींपर्यंत बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, न्यायला आणि पाइपलाइन टाकायला तिथे हजारो किलोमीटर कालवे खणले. उकरलेला चिखल काठावरच रचला. त्या बांधावर झुडपं माजतात, लांबून सगळं हिरवंगार दिसतं. मागे मात्र ओहोटीला उतरायचं पाणी अडतं, गवताची मुळं गुदमरून कुजतात. माती धरून ठेवणारी मुळंच गेली की उरतं उघडं पाणी. शिवाय सरळ कालव्यातून खारं पाणी थेट आत घुसतं ते वेगळंच.

गाळकरी:
कालव्यांचा दोष आहेच, पण मूळ दुखणं गाळाचं. १९२७ च्या महापुरानंतर मिसिसिपी नदी बांधांत जखडली, पुढे तिच्या मिसुरी या उपनदीवर धरणं झाली आणि गाळ अडला. त्रिभुज प्रदेशाची जमीन मुळात खचतच असते, नवा गाळ पडला तरच ती तगते. ते बांध लोकांची घरं वाचवायला घातले. सगळं उद्योगांच्या माथी का मारायचं?

खारवाट:
सगळं नाही मारत. पण न्यू ऑर्लीन्सजवळचा जहाजांचा कालवा बघा. १९६० च्या दशकात जहाजांचं अंतर वाचावं म्हणून खणला. जहाजांच्या लाटांनी काठ ढासळत गेले, काही ठिकाणी रुंदी तिपटीवर गेली. खाऱ्या पाण्याने सायप्रसची जंगलं वाळली. २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर, २००९ मध्ये तो दगड टाकून बंद करावा लागला. हे गाळाच्या तुटीने झालं का?

बंदरवाला:
बंदर किनाऱ्यावरच होणार ना? आता एका जागेवरून तिरकं खोदून लांबचं तेल काढता येतं, कालवे लागतातच असं नाही. जुन्या चुकांवरून आजच्या उद्योगाला झोडपणं अन्याय आहे.

खारवाट:
चुका जुन्या, पण कालवे आजही उघडे आहेत आणि जमीन आजही जातेय. लुइझियानातल्याच जीन लफीट राष्ट्रीय उद्यानात काही कालव्यांच्या काठाचा चिखल परत आत लोटला. तो वाळून आटलेला, त्यामुळे कालवा पुरता भरत नाही. पण काठ भरतीच्या पातळीला उतरतो आणि तिथे दलदलीचं गवत पुन्हा धरतं. याला नवा गाळ लागत नाही, गाळासाठी नदी वळवावी लागत नाही.

गाळकरी:
एवढ्यापुरतं मान्य. काठ आधी पाडा. पण गाळाशिवाय ते गवत किती वर्षं पाण्यावर राहील, हा माझा प्रश्न तसाच आहे.