मी चिकित्सक झाले आहे की दोषैकदृष्टीची?

रात्रपाळी:

गेली ११ वर्षं मी बातम्यांची पडताळणी करते. फोटो कधीचा, सावली कोणत्या बाजूला पडली आहे, भाषणातलं मागचं-पुढचं वाक्य कोणी कापलं, आकडा आला कुठून. काम मनापासून आवडतं, म्हणूनच हा प्रश्न विचारताना भीती वाटते आहे.

मागच्या आठवड्यात मुलगी निबंध स्पर्धेत पहिली आली. तिनं प्रमाणपत्र पुढे धरलं आणि माझ्या तोंडून निघालं, "भाग किती जणींनी घेतला होता?" ती म्हणाली, "सात." प्रमाणपत्र परत दप्तरात गेलं. पुढचे दोन दिवस तिनं शाळेतलं काहीच सांगितलं नाही. नवरा म्हणाला, "तू सिनिकल झाली आहेस." मी म्हटलं, मी स्केप्टिकल आहे, त्यात फरक आहे. काय फरक, असं त्यानं विचारलं, तर मला धड सांगता येईना.

दोन्ही शब्द ग्रीकांकडून आले एवढं माहीत होतं, म्हणून वाचायला घेतलं. भर दिवसा दिवा घेऊन 'माणूस शोधतोय' म्हणत फिरणारा डायोजेनीस, आणि कशाबद्दलच निवाडा न देणारा पिऱ्हो. दिव्याची गोष्ट वाचून चटका बसला. माझ्याही हातात तसाच दिवा आहे, पण माणूस सापडणार नाही हे मी आधीच धरून चालते. डायोजेनीसही तसंच धरून चालला होता का? आणि पिऱ्होसारखा निवाडा राखून ठेवला तर माणूस घरात वागतो कसा?

जुना फळा:

ताई, मी ३२ वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. दरवर्षी हा गोंधळ वर्गात निघायचाच, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

'सिनिक'च्या मुळाशी कुत्र्याचा ग्रीक शब्द आहे, 'कुओन'. लोकांनी हिणवायला वापरलेलं नाव डायोजेनीसनं स्वतःच मिरवलं. आज सिनिक म्हणजे 'सगळे स्वार्थी, सगळं विकाऊ' म्हणणारा. जुन्या सिनिकांची श्रद्धा याच्या नेमकी उलट होती. सॉक्रेटिसचा शिष्य अँटिस्थेनीस म्हणायचा की सद्गुण शिकवता येतो आणि सुखी व्हायला तो पुरतो. शिकता येतो म्हटलं की सराव आलाच. डायोजेनीस रांजणात राहिला. एका मुलाला ओंजळीनं पाणी पिताना पाहून त्यानं स्वतःचा पेला टाकून दिला. पुतळ्यांपुढे हात पसरून भीक मागायचा, का तर नकार पचवायची सवय व्हावी. माणूस सुधारणारच नाही असं ज्याला वाटतं, तो स्वतःवर एवढी मेहनत कशाला घेईल? तो दिवा मला तरी हताश माणसाचा वाटत नाही.

मला स्वतःला जास्त जवळचा क्रेटीस. थीब्जचा श्रीमंत माणूस, सगळी संपत्ती सोडून सिनिक झाला. लोक त्याला 'दारं उघडणारा' म्हणत, कारण तो कोणाच्याही घरात शिरून चार शब्द सुनवायचा आणि लोक त्याला येऊ द्यायचे. मारोनियाच्या हिपार्कियानं घरच्यांचा विरोध मोडून त्याच्याशी लग्न केलं आणि त्याच्यासारखीच साधी राहिली. ही माणसं बोलायला बोचरी होती, पण समोरच्याचं दार त्यांना उघडं असायचं. तुमच्या प्रश्नानंतर दप्तर बंद झालं, मला फरक तिथे दिसतो. स्पष्ट बोललो, राग मानू नका.

पिऱ्होबद्दल थोडक्यात. अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर तो भारतापर्यंत आला होता. स्वतः काही लिहून ठेवलं नाही, म्हणून आख्यायिका फार. एक सांगते की समोर गाडी येवो वा कडा, तो बाजूला होत नसे आणि मित्रांना त्याला सांभाळावं लागे. दुसरी सांगते की कुत्रा अंगावर आला तेव्हा तो घाबरला आणि कोणी टोकल्यावर म्हणाला, माणूसपण पुरतं उतरवून ठेवणं अवघड आहे. मी विद्यार्थ्यांना नेहमी दुसरीच सांगायचो. नव्वदीपर्यंत जगलेला माणूस गाड्यांपुढून हटत नसेल, हे मला पटत नाही.

वॉर्ड नंबर तीन:

मी डॉक्टर आहे. तुमच्या शीर्षकातला 'चिकित्सक' वाचून थांबलो. मराठीत संशयवादी म्हटलं की 'संशयात्मा विनश्यति' आठवतं आणि बिचारा शब्द आधीच बदनाम होतो. ग्रीक 'स्केप्सिस' म्हणजे निरखणं, तपास करणं, म्हणजे चिकित्साच. आणि या पंथाचे सर्वांत तपशीलवार ग्रंथ ज्यानं लिहिले तो सेक्स्टस एम्पिरिकस वैद्य होता! तो म्हणतो, माणसाला मतांचा अहंकार जडतो, आणि रोग जसा सौम्य किंवा जालीम असेल तसं औषध म्हणून आम्ही सौम्य किंवा जालीम युक्तिवाद देतो.

त्यानं शोधणाऱ्यांचे तीन प्रकार केलेत. काही म्हणतात सत्य सापडलं, काही म्हणतात ते सापडणं शक्यच नाही, आणि काही अजून शोधत असतात. स्केप्टिक हा तिसरा. 'सगळे खोटंच बोलतात' म्हणणारा निवाडा देऊन मोकळा झालेला असतो, त्याला पुढे तपासायचं काही उरत नाही.

पण तुमच्यासाठी खरा मुद्दा वेगळाच आहे. सेक्स्टस म्हणतो, मध गोड लागतो हे आम्ही नाकारत नाही. गोडवा त्याच्या स्वभावातच आहे का, एवढाच आमचा प्रश्न. जे जाणवतं त्यावर वाद नाही, त्यावर आपण जे स्पष्टीकरण रचतो त्याची तपासणी. हे मी फार उशिरा शिकलो. एक बाई पोटदुखी घेऊन चार वेळा आल्या. मी मनात 'कांगावा करतात' असं लिहून टाकलं होतं. पाचव्या वेळी सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे निघाले. दुखत होतं हे त्या सांगत होत्याच. शंका मला माझ्या स्पष्टीकरणाची यायला हवी होती, आणि मी ती त्यांच्या दुखण्यावर घेत राहिलो.

तुमच्या मुलीला आनंद झाला होता. तो मधाच्या गोडव्यासारखा आहे, त्यात पडताळायचं काय?

उलटा प्रवाह:

सगळ्यांना स्केप्टिक इतके भले वाटतात याचं आश्चर्य वाटलं. इ.स.पू. १५५ मध्ये अथेन्सचा दूत म्हणून रोमला गेलेल्या कार्निएडीस या स्केप्टिकानं एक दिवस न्यायाच्या बाजूनं भाषण दिलं आणि दुसऱ्या दिवशी विरुद्ध. रोमन मुत्सद्दी थोरल्या केटोनं, या लोकांचं काम लवकर आटपा आणि त्यांना परत पाठवा, असा आग्रह धरला. मला केटोचं म्हणणं कळतं. एका अमेरिकी सिगारेट कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात 'शंका हेच आमचं उत्पादन' असं लिहिलेलं सापडलं. निवाडा राखून ठेवा, अजून पुरावा येऊ द्या, असं म्हणत लोकांना फुंकत ठेवता येतं.

वॉर्ड नंबर तीन:

मान्य, मी असे फुप्फुसांचे रुग्ण पाहिलेत. पण शंका विकणाऱ्याला तपास नको असतो, तो लांबला तर त्याचा फायदा. कार्निएडीसबद्दल मात्र एवढ्यावर थांबू नका. त्याचाच दृष्टांत बघा: अंधाऱ्या खोलीत वेटोळं दिसतं, साप समजून माणूस मागे उडी मारतो. मग बघतो, तर ते हलत नाही. दोरी असेल. पण थंडीत सापही गारठून पडून राहतो, म्हणून तो काठीनं डिवचून पाहतो आणि मग ठरवतो. रज्जु-सर्पाचा दृष्टांत आपण वेदांतात ऐकतो, पण तिथे दोरी कळली की भ्रम संपतो. इथे माणूस काठी शोधतो. निवाडा राखूनही तो खोलीत वावरतो.

रात्रपाळी:

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी घरी बोलायचं होतं. काल मुलीकडे निबंध मागितला. विषय होता 'आमच्या घरातली रात्र'. त्यात एक वाक्य आहे, 'आई रात्री फोटोंमधल्या सावल्या बघते, म्हणून मी दिवा लावून ठेवते.' मला हे माहीत नव्हतं. पॅसेजमधला दिवा कायम चालू राहतो म्हणून मी तिलाच ओरडत आले आहे. मी माफी मागितली. ती 'बरं' म्हणाली, अजून थोडी रागावलेली आहे.

एक विचारायचं राहिलं. काठीनं किती वेळ डिवचायचं? कामावर हाच प्रश्न रोज पडतो.

जुना फळा:

सेक्स्टसनं कार्निएडीसच्या अनुयायांचं उत्तर नोंदवलं आहे. क्षुल्लक बाबीत एका साक्षीदाराला विचारलं तरी पुरे, मोठ्या बाबीत अनेकांना, आणि त्याहून गंभीर असेल तर प्रत्येक साक्षीदार इतरांच्या साक्षीवर तपासून घ्यायचा. वेळ किती आहे तेही पाहायचं. पाठीवर शत्रू आहे, समोर खंदक आहे आणि त्यातही कोणी दबा धरून बसलं असेल अशी शंका आली, तर माणूस तपासत बसत नाही, बाजूनं पळतो. निबंध पूर्ण टंकून इथे टाकता आला तर टाका, पण आधी मुलीला विचारा.