मदत हवी आहे: न बोलता राहायला आलेल्या जोडीदाराशी खर्च कसा वाटायचा?

रत्नागिरीत वन बीएचके, भाडं ९,००० रुपये, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार एकट्या माझ्या नावावर. जोडीदाराचे आधी कपडे आले, मग लॅपटॉप, आता रेनकोटही दाराशी लटकतोय. बोलणं काहीच झालेलं नाही.

भाडं निम्मं करणं सोपं. अडतंय विजेवर. महावितरणचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३०० असे. एकट्याचं बिल ९० युनिटांत बसायचं. आता घरून काम आणि रात्रभर एसी (दमटपणा काय असतो ते इथल्यांना सांगायला नको), म्हणजे २४०. शंभरावरचं प्रत्येक युनिट चढ्या दराने. मग बिल निम्मं करावं की वाढलेला सगळा फरक त्याच्याकडून घ्यावा? मला दुसरं रास्त वाटतं. १४.२ किलोचा सिलिंडरही लवकर संपतो. मेमध्ये टँकरचे पैसे सोसायटी माणशी लावते, तिथे डोकी किती सांगायची?

मुख्य भीती कराराची. परवानगीशिवाय दुसऱ्याला ठेवायचं नाही, असं कलम त्यात आहे. पुरवणी करार नोंदवून त्याचं नाव घालावं, की नूतनीकरणापर्यंत घरमालकांची लेखी संमती पुरेल? त्याने यूपीआयने पैसे दिले तर ते पोटभाडं वाटू नये म्हणून शेऱ्यात काय लिहावं? मसुदा असेल तर कृपया टाका.