पाहुण्यांची जुनी बाथरूम कमी बजेटमध्ये: नुसती जमीन फोडावी की सगळंच? मदत हवी आहे

मंडळी, डोंबिवलीतली आमची सोसायटी १९९१ची. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हॉललगतची बाथरूम पाहुण्यांसाठी, आणि ती बिल्डरने दिली तशीच आहे. ४ बाय ७ फूट, भारतीय संडास, चार फुटांपर्यंत पांढऱ्या सहा इंची टाइल्स, त्याच्यावर ऑइलपेंट, आत जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) गंजके पाइप आणि खालून कुजलेलं लाकडी दार. बजेट एक लाख, फार ताणलं तर एक लाख दहा हजार.

काम आता लांबवता येत नाही. सांगलीची आत्या दिवाळीनंतर राहायला येते, तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, उकिडवं बसणं बंद. आणि त्याहून मोठं म्हणजे खालच्या काकूंच्या छताला ओल आली आहे. मी स्वतः जाऊन पाहिली. बरोब्बर आमच्या संडासाच्या भांड्याखाली तपकिरी डाग, त्याच्या कडेने पांढरा खार, आणि बोट लावलं की पोपडा हातात येतो. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण त्यांच्या नातवाची आंघोळ त्याच छताखाली होते. मला ते बघवत नाही.

दोन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. पहिला म्हणतो, भिंती-जमीन सगळं विटेपर्यंत फोडू, पावणेदोन लाख. दुसरा म्हणतो, काही फोडायचं नाही, टाइलवर टाइल चिकटवू, भांडं काढून कमोड बसवू, सत्तर हजारांत मोकळे व्हा. दुसऱ्याचा आकडा परवडतो, पण तो मला पटत नाही. गळती आहे ती खाली खोलगट स्लॅबमध्ये. भांडं बसवायला स्लॅब खाली घेऊन वर विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला असतो, पाणी त्यात मुरून बसतं. वरून नवी टाइल चिकटवून ते थांबेल कसं? शिवाय चिकटवण्याचा मसाला आणि टाइल धरून जमीन अर्धा-पाऊण इंच वर येणार, म्हणजे उंबरठा बुटका होऊन पाणी पॅसेजमध्ये.

म्हणून माझा विचार असा: जमीन पूर्ण खणायची, भराव काढायचा, जुने पाइप फेकून पाण्याला सीपीव्हीसी आणि सांडपाण्याला पीव्हीसी (दोन्ही प्लास्टिकचे पाइप) टाकायचा, नवा नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं जाळीखालचं तोंड), मग वॉटरप्रूफिंग. ते जमिनीवरून भिंतीवर निदान फूटभर चढवायचं, तेवढ्या खालच्या टाइल्स काढायच्या. टाइल्स लावण्याआधी नहाणीचं तोंड बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि काकूंच्या छताखाली उभं राहून बघायचं. यात मी एक पैसा वाचवणार नाही. वाचवायचं ते भिंतींवर. पूर्ण सात फूट टाइल्स धरल्या तर दार वजा जाता भिंतींचं क्षेत्रफळ जवळजवळ १४० चौरस फूट होतं, जमीन मात्र २८च. आणि लिफ्ट नसल्याने राडारोड्याच्या प्रत्येक गोणीची हमाली वेगळी. भिंती फोडल्या की गोण्या किती होतील ते तुम्हीच धरा.

जमिनीला मॅट, न घसरणाऱ्या १२ बाय १२ इंची टाइल्स घेणार आहे. दुकानात सगळे २ बाय ४ फुटीच दाखवतात, पण एवढ्याशा जागेत मोठ्या टाइलला नहाणीकडे ढाळ नीट देता येत नाही. २८ चौरस फुटांना दुकानातला उरलेला लॉटही पुरतो, तो बराच स्वस्त मिळतो. फ्लश टँक बाहेरचा प्लास्टिकचा, भिंतीत लपवलेला नको, बिघडला तर कोपऱ्यावरचा प्लंबरही दुरुस्त करील. दार पीव्हीसीचं. शॉवर आणि कॅबिनेट सध्या नाहीच.

आता अडलंय ते इथे:

जुन्या भिंतीच्या टाइल्स ठोकून पाहिल्या. बहुतेक घट्ट आहेत, आंघोळीच्या कोपऱ्यात काही पोकळ वाजतात. पोकळ तेवढ्या काढून बाकीच्यांवर नवीन चिकटवल्या तर टिकतात का? ज्यांनी केलंय त्यांनी किती वर्षं झाली तेही सांगा. चार फुटांच्या वर ऑइलपेंट आहे, तिथे नुसते टाचे मारून (छिन्नीने खरवडीत करून) भागतं की प्लास्टर काढावंच लागतं?

फूटभर चढवलेलं नवं वॉटरप्रूफिंग जिथे संपतं आणि जुनी भिंत सुरू होते, तो सांधा कसा करून घेतलात?

कमोड एस ट्रॅप (मैला खाली जमिनीत सोडणारा) घ्यावा की पी ट्रॅप (मागे भिंतीतून सोडणारा)? जुन्या भांड्याचा चार इंची पाइप मागच्या डक्टमध्ये जातो. जमीन खणतोच आहोत तर दोन्ही जमेल असं प्लंबर म्हणतो. आत्यासाठी बैठक १७-१८ इंच उंच हवी आहे.

कमोडशेजारची भिंत साडेचार इंची विटेची. तिथे धरायचा स्टीलचा दांडा माणसाचं वजन पेलेल असा कसा बसवतात? टाइल लावण्याआधी आत काही पक्कं भरून घ्यावं लागतं का?

गिझर १५ लिटरचा बसवायचा आहे. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट आणि स्वतंत्र एमसीबी घेतेच आहे, पण घरात गळतीचा करंट तोडणारा आरसीसीबी अजून नाही. ३० मिलिअँपिअरचा एकच मेन बोर्डावर घातला तर तीसहून जास्त वर्षांच्या जुन्या वायरिंगवर तो सारखा पडेल का?

डोंबिवली-कल्याण भागात असं अर्धं फोडकाम मनापासून करणारे मिस्त्री कोणाला माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पाणी भरून ठेवण्याच्या चाचणीला 'कशाला मॅडम' न म्हणणारे हवेत.