खाचेचं माप फळीवरून ठरतं
सीएनसी राउटरवर (संगणकाच्या फाइलवरून लाकूड कापणारं यंत्र) पेटी लहान करायची तर पूर्ण फाइल ७० टक्के करा म्हणजे झालं, हा सल्ला झाकणावरच्या नक्षीपुरताच खरा. जोडांना, म्हणजे एक फळी दुसरीच्या खाचेत बसते तिथे, तो लावू नका. १२ मिमी फळीसाठी काढलेली खाच ८.४ मिमी होते आणि लहान पेटीसाठी घेतलेली ९ मिमीची फळी तिच्यात बसत नाही. आधी पेटीची बाहेरची मापं बदला, मग फळी व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायची पट्टी) मोजून खाचा नव्याने काढा, फळीपेक्षा ०.१५ मिमी जास्त मोकळ्या ठेवून. ८ मिमीची खाच ५.६ वर आली की ६ मिमीचा बिट (यंत्राचं फिरणारं पातं) आत जात नाही, आणि बरीच सॉफ्टवेअर तो कापायचा मार्ग न सांगता गाळतात. प्रिव्ह्यू बघाच. अशा अरुंद खाचेला ३ मिमीचा बिट लावा, एका फेरीत १.५ मिमीच खोल.

ठाण्यात सागवान मे महिन्यात कापणार असाल, तर १०० मिमी रुंद झाकणाला दोन्ही बाजूंनी अर्धा मिमी मोकळं सोडा. जुलैच्या दमट हवेत लाकूड त्याच्या रेषांना (तंतूंना) आडवं फुगतं आणि झाकण अडकतं.